तीन, पाच, सात आणि एक गवळण

शालान्त परीक्षेत मला गणितात दीडशेपैकी एकशे एकेचाळीस गुण होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण न सांगता मला राहवत नाही. बोरिवली पूर्वेच्या आमच्या 'सुखदा' सोसायटीत हा आकडा माहीत नसलेला एकही माणूस नाही. नवीन भाडेकरू आला की पाणी किती वाजता येतं ते त्याला वॉचमन सांगतो आणि माझे गुण मी सांगतो. पुढे एकोणतीस वर्षं मी विमा कंपनीत काढली, पण तिथे सगळे हिशेब संगणकच करायचा. त्यामुळे ते गुण तसेच न वापरलेले पडून राहिले. निवृत्तीनंतर ते कुठेतरी कामी यावेत अशी माझी फार इच्छा होती, आणि दुर्दैवाने ती पूर्ण झाली.

आमच्या सोसायटीत एक हॉल आहे. हॉल म्हणायचं आपलं, चोवीस फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी ती एक खोली आहे. एका बाजूला पाण्याच्या मोटरची खोली, दुसऱ्या बाजूला सायकली. एवढ्याशा जागेवर तीन संस्थांचा डोळा होता, आणि तिघांनाही ती संध्याकाळी सहा ते साडेसात याच वेळेत हवी होती. त्याआधी तिथे मुलांच्या शिकवण्या चालतात आणि त्यानंतर घरोघर कुकर लागतात, त्यामुळे वेळ बदलायला कोणी तयार नव्हतं.

पहिली संस्था म्हणजे भजनी मंडळ. ते चालवतात आमच्या शेजारच्या रत्नप्रभाबाई सावंत, मूळच्या कुडाळकडच्या. दुसरी म्हणजे बी विंगमधल्या जान्हवीचा झुंबा वर्ग. जान्हवी तिशीची, दिवसा अंधेरीला नोकरी करते आणि संध्याकाळी येऊन वीसेक बायकांना घाम काढायला लावते. तिसरा शिवदास पुरव यांचा हास्य क्लब. हे लोक आधी बागेत हसायचे, पण राष्ट्रीय उद्यानाकडून येणारी माकडं त्यांच्या हसण्याला उत्तर देऊ लागली, तेव्हा त्यांना छताची गरज भासली.

वार ठरवून द्यावेत तर शनिवार-रविवार सगळ्यांना हवे आणि सोमवार कोणालाच नको. डिसेंबरच्या सभेत यावर पाऊण तास भांडण झालं. शेवटी मी उठलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "हा प्रश्न वारांचा नाहीच. हा संख्यांचा प्रश्न आहे."

सभा गप्प झाली. मला फार बरं वाटलं.

मी फळा मागवला आणि समजावून सांगितलं. झुंबा दर तिसऱ्या दिवशी, भजन दर पाचव्या दिवशी आणि हास्य क्लब दर सातव्या दिवशी. म्हणजे वार फिरते राहतील आणि प्रत्येकाला कधी ना कधी रविवार मिळेल, असं मी म्हणालो; सात दिवसांनी वार तोच येतो हेही मला दिसलं नाही. आता कोणी विचारेल, तीन, पाच आणि सातच का? तर या तिन्ही मूळ संख्या आहेत. यांच्यात एकाशिवाय कुठलाही सामाईक विभाजक नाही. ज्यांच्यात काहीच सामाईक नाही, त्यांची गाठ पडेलच कशी? हे मी दोनदा म्हणालो, दुसऱ्यांदा जरा सावकाश.

तुमच्यापैकी ज्यांना शाळा आठवते त्यांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. मला शाळेतले गुण आठवत होते, शाळा आठवत नव्हती. सभेत मात्र एकच हात वर झाला, तो रत्नप्रभाबाईंच्या यजमानांचा. काशीराम सावंत सातवी शिकलेले, आठ वर्षं गिरणीत आणि पुढे कुरिअर कंपनीत काम केलेले. प्रश्न शेवटी घेऊ, असं मी त्यांना सांगितलं. शेवटी टाळ्या झाल्या, चहा आला, आणि प्रश्न राहून गेला.

वेळापत्रक एक जानेवारीपासून लागू झालं. मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली 'आगाशे' अशी सही केली, लॅमिनेट करून तीन प्रती तिघांना दिल्या. चौथी आमच्या बैठकीच्या खोलीत लावली.

आता माझ्या बायकोबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरं म्हणजे तिची आहे आणि मी उगाच मध्ये आलो. क्षमा त्या भजनी मंडळात नऊ वर्षं आहे. नऊही वर्षं ती मागच्या ओळीत बसून झांजा वाजवत होती. आवाज गोड आहे तिचा, पण एकटीने गायचं म्हटलं की तिचे हातपाय गार पडतात. या वर्षी रत्नप्रभाबाईंनी तिचं काही ऐकून घेतलं नाही. उपनगरांतल्या भजनी मंडळांचा एक महोत्सव जोगेश्वरीला व्हायचा होता. त्यासाठी परीक्षक जागेवर येऊन, प्रत्येक मंडळाला ऐकून निवड करणार होते. त्यात एक गवळण क्षमाने एकटीने म्हणायची, असं रत्नप्रभाबाईंनी ठरवून टाकलं.

क्षमा घाबरली, पण मनातून इतकी खूश झाली की दोन दिवस भाजीत मीठच नव्हतं. पोळ्या लाटताना ती गवळण गुणगुणायची. कपडे वाळत घालतानाही चालूच. मी वेळापत्रक आखत होतो तेव्हा मी तिला एकदा जरा हळू म्हण असं सांगितलं. ती लगेच गप्प झाली. ते मला आता आठवलं की लाज वाटते. घरी गुणगुणणं वेगळं आणि पखवाजासोबत वीस जणींपुढे म्हणणं वेगळं. तिला खरी गरज होती ती हॉलमधल्या सरावाची.

पहिले चौदा दिवस वेळापत्रक झकास चाललं. लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे आदराने बघतात असं मला वाटू लागलं. संक्रांतीला हास्य क्लबने मला हॉलमध्ये बोलावून तिळगूळ दिला आणि माझ्या नावाने एक खास हास्यप्रकार केला. ती संक्रांत चौदा तारखेला होती.

पंधरा तारखेला सहा वाजता भजनी मंडळ पेटी घेऊन आलं आणि जान्हवी स्पीकर घेऊन आली.

क्षमा मला बोलवायला वर आली. मी खाली जाऊन पाहतो तर दोन्ही बाजूंनी माझीच लॅमिनेट केलेली प्रत उंच धरलेली होती, आणि दोन्ही बरोबर होत्या. तीन पंचे पंधरा! दुसरीतल्या पोराला येतं ते. दाराशी काशीराम उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "आगाशेनू, त्या दिवशी माका हाच इचारूचा होता."

हा केवळ योगायोग आहे असं मी जाहीर केलं. झुंबाला एक दिवस पुढे सरकवलं की प्रश्न मिटेल. मंडळ त्या दिवशी उठून गेलं, क्षमाचा सराव बुडाला, आणि झुंबा एकोणीस तारखेपासून नव्या क्रमाने सुरू झाला. एकोणीस, बावीस, पंचवीस. इकडे भजन वीस, पंचवीस.

पंचवीसला पुन्हा तेच. या वेळी जान्हवीच्या बायका आधी आल्या होत्या आणि संगीत सुरू झालं होतं. क्षमाने दारात उभं राहून दहा मिनिटं वाट पाहिली आणि झांजा पिशवीत घालून ती वर आली. मी तिला समजावलं की पहिल्या प्रयोगात थोडंफार असं होतंच. अठ्ठावीसला झुंबा आणि हास्य क्लब समोरासमोर आले, तेव्हा मात्र मी घरी नाही असं सांगायला लावलं.

मग मी भजनाला एक दिवस पुढे ढकललं. तीसऐवजी एकतीस. एकतीसला झुंबा होता. पुन्हा एक दिवस ढकललं, पाच फेब्रुवारीऐवजी सहा. सहालाही झुंबा होता. मी एका टोकाला दाबलं की ते दुसऱ्या टोकाला वर येत होतं. जान्हवी मला भेटली की आता नमस्कार करायच्या आधी कितवी तारीख आहे ते विचारायची. रत्नप्रभाबाई तर थेट म्हणाल्या, "भाऊ, तुमचा गणित देवाक तरी कळता काय?"

त्यांनी मला भाऊ म्हटलं म्हणून त्यांचा राग किती आहे ते माझ्या लक्षात आलं नाही. क्षमाचे चार सराव बुडाले होते. परीक्षकांची तारीख एकवीस फेब्रुवारी ठरली होती. ती मंडळाने माझ्याच वेळापत्रकात पाहून कळवली होती, कारण त्या दिवशी भजनाची पाळी होती. सहा तारखेच्या रात्री जेवताना क्षमाने मला विचारलं, "अहो, एकवीसला नक्की हॉल मिळेल ना? मला एवढंच सांगा."

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडलो असतो आणि कदाचित शहाणाही झालो असतो. मी म्हणालो, "क्षमा, माझ्यावर सोड."

दुसऱ्या दिवशी मी कॅलेंडर भिंतीवरून काढून टेबलावर घेतलं आणि पुढच्या तारखांवर बोट ठेवत निघालो. अकरा तारखेला भजन आणि हास्य क्लब भिडणार होते, ते मी आधीच पकडलं! हास्य क्लबला तीन दिवस पुढे नेऊन चौदा तारीख दिली. मग पुन्हा पहिल्यापासून तपासलं. नऊला झुंबा, अकराला भजन, बाराला झुंबा, चौदाला हास्य, पंधराला झुंबा, सोळाला भजन, अठराला झुंबा. एकही टक्कर नाही. विसाव्या तारखेपर्यंत बोट आलं, सगळं स्वच्छ होतं. चौदा दिवस ठीक चालतं म्हणजे पुढेही चालणारच, असा विचार करून मी कॅलेंडर परत खिळ्याला लावलं.

विसाव्या तारखेला माझं बोट थांबलं. एकवीस तारीख त्याच्या शेजारीच होती.

नवीन प्रती लॅमिनेट झाल्या. ते दोन आठवडे खरंच शांततेत गेले. क्षमाला दोन पूर्ण सराव मिळाले. परीक्षक येणार आहेत हे बाकीच्यांना सांगितलंत ना, असं तिने मला दोनदा विचारलं. मी म्हणालो, सांगायचं काय त्यात, सगळ्यांकडे वेळापत्रक आहे. फलकावर दोन ओळींची सूचना लावायला मला दोन मिनिटं लागली असती, पण ती लावली तर माझ्या गणितावर माझाच विश्वास नाही असं दिसलं असतं.

एकवीस तारखेला पावणेसहाला सतरंजी अंथरली गेली. क्षमाने मोरपंखी साडी नेसली होती. तीन परीक्षक आले, त्यांतल्या प्रमुख नलिनीताई म्हणून होत्या, साठीच्या, कडक इस्त्रीच्या. त्यांच्या हातात गुणपत्रिका होती. गायनाला चाळीस, तालाला तीस, पाठांतराला वीस आणि बैठक-व्यवस्थेला दहा, असे शंभर गुण. महोत्सवात जायला पंच्याहत्तर हवे होते. मी त्यांना पाणी दिलं आणि माझी ओळख सांगितली. एकशे एकेचाळीसचा उल्लेखही झाला.

सहाला पाच मिनिटं असताना जान्हवी एकोणीस बायकांसह आली. बायका घट्ट पँटींत, गळ्यात टॉवेल. पाठोपाठ शिवदास पुरव तेरा जणांना घेऊन आले. त्यांच्या क्लबचा त्या दिवशी वाढदिवस होता आणि डोक्यावर रंगीत टोप्या होत्या. तिघांकडेही माझ्या सहीची प्रत होती. एकवीसला झुंबा, एकवीसला भजन, एकवीसला हास्य. नव्या क्रमाने पहिल्यांदाच तिघांची एकत्र भेट झाली होती, आणि ती घडवून आणायला मी दीड महिना अंग मोडून मेहनत केली होती.

जान्हवीने सरळ सांगितलं की मागच्या प्रत्येक टकरीत तिचा निम्मा वेळ भांडणात गेला, आज ती निघणार नाही. शिवदास म्हणाले, "आगाशे, आज आमचा वाढदिवस आहे. तुम्हीच तारीख दिलीत ना यार." रत्नप्रभाबाईंनी त्यांची प्रत माझ्या हातात परत दिली. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

नलिनीताईंनी घड्याळ पाहिलं. त्यांना सात वाजता निघून आणखी एका मंडळाकडे जायचं होतं. क्षमाचा चेहरा पांढरा पडला होता.

अशा वेळी शहाण्या माणसाने हात जोडले असते. मी फूटपट्टी मागवली. हॉल चोवीस फूट आहे आणि चोवीसला तीनने निःशेष भाग जातो, असं मी मोठ्याने म्हणालो. प्रत्येकी आठ फूट! मधल्या आठ फुटांत भजन. मागच्या आठ फुटांत झुंबा, पण स्पीकर बंद ठेवून, नुसती पावलं टाकायची. पुढच्या आठ फुटांत हास्य क्लब. त्यांना आवाज करता येणार नव्हता, पण त्यांच्याकडे मौन हास्य नावाचा एक प्रकार आहेच. तोंड पूर्ण उघडायचं, पोट धरायचं, खांदे गदगदा हलवायचे, आवाज मात्र काढायचा नाही. शिवदास लगेच तयार झाले. जान्हवीही परीक्षकांकडे पाहून तयार झाली. परीक्षक भिंतीला टेकून बसले. पाच मिनिटांत तीन संस्था एका खोलीत बसवल्या म्हणून मी स्वतःवर इतका खूश झालो की एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. हास्य क्लब भजनी मंडळाच्या बरोबर समोर उभा होता.

पहिले दोन अभंग कसेबसे झाले. रत्नप्रभाबाईंनी डोळे मिटून म्हटले, त्यामुळे त्यांना काही दिसलं नाही. मग क्षमाची गवळण आली. ती पुढे सरकून बसली, पदर सारखा केला, पखवाज सुरू झाला आणि तिने तोंड उघडलं. पहिली ओळ अर्धी झाली. तिची नजर वर गेली.

समोर रंगीत टोप्या घातलेले चौदा पुरुष पोट धरून, तोंडं वासून, तिच्याकडे बघत हसत होते.

क्षमा थांबली. पखवाज थांबला. मागे झुंबाच्या बायकांची पावलं थांबली. नऊ वर्षं ज्या गोष्टीची तिला भीती होती, तीच मी मोजमाप करून, आखून-रेखून तिच्यासमोर उभी केली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला कुठलाही आकडा आठवेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते माझ्यामुळे आलं आहे हे मला इतकं स्वच्छ दिसलं की जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

ती रडेल असं मला वाटलं. तिने पदराने डोळे टिपले आणि शिवदासांना म्हणाली, "शिवदासभाऊ, हसायचं असेल तर बाहेर जाऊन मोठ्याने हसा. नाहीतर टोप्या काढून खाली बसा आणि ऐका." टोप्या निघाल्या. चौदा जण मांडी घालून बसले. ती जान्हवीकडे वळली, पण जान्हवी आणि तिच्या बायका आधीच खाली बसल्या होत्या. मग क्षमाने माझ्याकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही बाहेर थांबा."

मी फूटपट्टी घेऊन बाहेर आलो. दार लागलं. आतून पखवाज पुन्हा सुरू झाला आणि ती गाऊ लागली. काय गायली म्हणून सांगू! स्वयंपाकघरातून तिचा आवाज मी रोज ऐकत होतो, पण ऐकत कुठे होतो? सायकलींमध्ये उभा राहून मी ती गवळण पहिल्यांदा ऐकली. अंगावर काटा आला.

तेवढ्यात वॉचमन आला आणि मोटरच्या खोलीचं कुलूप काढू लागला. साडेसहा झाले होते, वरची टाकी भरायची वेळ. आमची मोटर सुरू झाली की हॉलची भिंत थरथरते आणि शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, टाकी तळाला गेली आहे, साहेब. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो आणि आज मोटर सुरू होणार नाही असं सांगितलं. त्याने सेक्रेटरींना फोन केला. मी तो फोनही घेतला आणि खिशात टाकला.

सातपर्यंत मी तसाच उभा होतो. त्या अर्ध्या तासात ए, बी आणि सी या तिन्ही विंगचे नळ कोरडे पडले. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत गॅलरीत येऊन माझं नाव घेऊन ओरडत होते. मी त्यांना खालूनच ओठांवर बोट ठेवून खूण केली. त्या संध्याकाळी मी केलेलं हे एकच काम असं होतं, ज्यात गणित नव्हतं.

परीक्षक गेले. आत सतरंजी गुंडाळली जात होती, तेव्हा काशीराम बाहेर माझ्या शेजारी येऊन बसले. मला वाटलं, आता बिनपाण्याने हजामत करणार. त्यांनी मला विडी देऊ केली, मी ओढत नाही हे माहीत असूनही.

"मी गिरणीत होतंय तेव्हा लालबागच्या खोलीत आमी तिघे जण एकाच वळकटेर निजायचो," ते म्हणाले. "तीन पाळ्ये. तिघांचे आठ-आठ तास सारखे, फक्त सुरवात येगळी. दोन वर्सात एकदाय आमची टक्कर झाली नाय. तुमी एकाक तीन दिलास, एकाक पाच, एकाक सात. मगे ते कधी ना कधी भेटतलेच मा?"

इतकं सोपं होतं ते. ज्या संख्यांमध्ये काहीच सामाईक नसतं, त्यांची सुरुवात तुम्ही कुठूनही करा, त्या एक ना एक दिवस भेटतातच. वेगळं ठेवायचं असेल तर सगळ्यांना एकाच पाढ्यात घालायला हवं. माझा सिद्धांत डोक्यापासून पायापर्यंत उलटा होता, आणि तो मी सगळ्या सोसायटीला फळ्यावर शिकवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्षमा आणि काशीराम आमच्या स्वयंपाकघरात बसले आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे दहा मिनिटांत त्यांनी मार्चचं वेळापत्रक केलं. झुंबा तीन, सहा, नऊ, अशा तिनाच्या पाढ्यात. भजन आणि हास्य क्लब प्रत्येकी दर सहाव्या दिवशी, एक तारखेपासून एक आणि दोन तारखेपासून दुसरा. झुंबा कोणाच्याच वाटेत येत नाही. मी चहा करून दिला. लॅमिनेट करू का, असं विचारलं. नको म्हणाले.

आठवड्याने निकाल आला. मंडळाच्या ग्रुपवर गुणपत्रिकेचा फोटो होता. क्षमाने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचू लागली. मी समोर उभा होतो, परीक्षेला बसल्यासारखा. गायन, चाळीसपैकी पस्तीस. ताल, तीसपैकी पंचवीस. पाठांतर, वीसपैकी सोळा. पहिल्या ओळीला थांबल्याचे चार गेले. माझ्या डोक्यात बेरीज आपोआप होत होती. शहात्तर! निवड झाली होती. मी तिचे दोन्ही हात धरले. ती हसत होती, डोळे पुसत होती, आणि खाली नलिनीताईंनी गवळणीबद्दल एक अख्खी ओळ लिहिली होती, ती तिने मला तीनदा वाचून दाखवली. मला तिचा फार अभिमान वाटला.

"एक राहिलं," ती म्हणाली. "बैठक-व्यवस्था, दहापैकी शून्य."

माझ्यातला एकशे एकेचाळीसवाला गप्प बसेना. मी म्हणालो, "शून्यालाही काही कमी समजू नकोस हं. शून्याला कोणत्याही संख्येने निःशेष भाग जातो. शून्य ही सगळ्या संख्यांची पट असते."

क्षमाने चष्मा काढला, मिटला आणि मोबाइल बाजूला ठेवला.

"हो," ती म्हणाली. "आणि त्याची कितीही पट केली तरी ते शून्यच राहतं."